२१ माणसं कोठडीत गुदमरून मेली आणि पुण्याने कोतवालालाच दगडांनी ठेचलं : घाशीराम कोतवालाची खरी गोष्ट

ठाण्यात, कल्याणात किंवा डोंबिवलीत पोलिसांवरून काही वाजलं की सोशल मीडियावर दोन गट पडतात. एक गट तक्रार घ्यायला उशीर केला म्हणून पोलिसांना शिव्या घालतो. दुसरा गट पोलिसांनी परस्पर निकाल लावला म्हणून टाळ्या वाजवतो. आणि बऱ्याचदा दोन्हीकडे माणसं तीच असतात.

बदलापूरचं प्रकरण आठवून बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये तक्रार नोंदवायला दिरंगाई झाली म्हणून लोक थेट रेल्वे रुळांवर उतरले. पुढच्याच महिन्यात त्या प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्याच गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा काही ठिकाणी पेढे वाटले गेले.

अशी चर्चा पेटली की कुणीतरी कमेंटमध्ये एक नाव टाकतंच. घाशीराम कोतवाल.

हे नाव महाराष्ट्रात शिवीसारखं वापरलं जातं. पण ज्याच्या नावाची शिवी झाली तो माणूस खरंच होऊन गेला. तो १४ वर्षं पुण्याचा कोतवाल होता. त्याने काय केलं, त्याच्याकडे इतकी ताकद कुठून आली आणि तो मेला कसा, हे समजून घेतलं तर आजच्या भांडणातला खरा मुद्दा हाताला लागतो.

घाशीराम होता कोण?

पूर्ण नाव घाशीराम सावळदास. उत्तर हिंदुस्थानी, कनोजी ब्राह्मण. मुक्काम औरंगाबादचा. तिथून तो नशीब काढायला पेशव्यांच्या पुण्यात आला.

त्या काळी पुणे म्हणजे हिंदुस्थानातलं एक बडं सत्ताकेंद्र. सरदार, सावकार, वकील, शास्त्री, कारकून, शिपाई, भिक्षुक, व्यापारी, सगळ्यांचे पाय पुण्याकडे वळत. अशा गर्दीत बाहेरून आलेल्या माणसाला वर चढायचं असेल तर एकच रस्ता होता. कुणातरी मोठ्या माणसाची मर्जी.

घाशीरामाने ती मिळवली आणि ती साधीसुधी नव्हती. पेशवाईचे कारभारी नाना फडणवीस यांची मर्जी त्याच्यावर बसली. १७७७ साली घाशीराम पुण्याचा कोतवाल झाला.

कोतवाल म्हणजे आजचा पोलीस आयुक्त?

नुसता पोलीस आयुक्त म्हटलं तर ते कमीच पडेल.

आज शहरात जी कामं पोलीस, महापालिका, वजनमापे खातं, महसूल खातं आणि खालचं कोर्ट मिळून करतात, त्यातली बरीचशी कामं कोतवालाच्या एकट्याच्या चावडीत चालायची. चोऱ्या पकडायच्या, रात्रीची गस्त घालायची, शहरात कोण आलं आणि कोण गेलं याची नोंद ठेवायची. बाजारातले भाव आणि वजनं तपासायची. घरांचे, हद्दीचे तंटे मिटवायचे. जागांच्या खरेदी-विक्रीची नोंद करायची. बेवारस माणसाची मालमत्ता सरकारजमा करायची. जुगारावर नजर ठेवायची. बदफैलीच्या तक्रारी ऐकायच्या आणि त्यावर दंडही बसवायचा.

म्हणजे पकडणारा तोच, चौकशी करणारा तोच, बऱ्याच प्रकरणात शिक्षा ठरवणारा तोच आणि दंड वसूल करणाराही तोच.

रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायची बंदी असे. त्यानंतर सापडलेला माणूस कोतवालाच्या प्याद्यांच्या हाती लागे. पेठापेठांत चावड्या होत्या. बुधवार पेठेतला कोतवाल चावडीचा भाग तर आजही त्याच नावाने ओळखला जातो.

यातला दंडाचा भाग नीट लक्षात घ्यायला हवा. कोतवाली हे सरकारी उत्पन्नाचं साधन होतं. दंड, नजराणे, परवान्यांचे पैसे यांचा जमाखर्च सरकारी दप्तरात लिहिला जाई. किती रुपये जमा झाले हे विचारायला वर कुणीतरी होतं. पण ते रुपये कुणाच्या पाठीवर वळ उठवून जमा झाले, हे विचारणारं कुणी नव्हतं. पैशाचा हिशेब होता. माणसाचा नव्हता.

नानांना असा माणूस का हवा होता?

इथे घाशीरामाच्या स्वभावापेक्षा त्या काळाकडे बघावं लागतं.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मारेकरी बाहेरून आलेले नव्हते. वाड्याच्या रक्षणासाठी पगार घेणारे गारदीच तलवारी उपसून आत घुसले होते. या कटामागे नारायणरावांचे सख्खे काका रघुनाथराव होते. पुढे नाना आणि इतर कारभाऱ्यांनी बारभाईंचं कारस्थान रचून रघुनाथरावांना बाजूला सारलं आणि नारायणरावांच्या मागे जन्मलेल्या सवाई माधवरावांना गादीवर बसवलं. नवा पेशवा तेव्हा अवघ्या काही दिवसांचा होता.

रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला आणि साष्टी बेट घेतलं. १७८० साली कल्याणही त्यांच्या ताब्यात गेलं. म्हणजे आजचा ठाणे-कल्याण पट्टा तेव्हा मराठे आणि इंग्रज यांच्यातली युद्धभूमी होता. बोरघाटाच्या खाली शत्रू बसलेला होता. १७७८ मध्ये तर खुद्द पुण्यात नानांचेच चुलतबंधू मोरोबा यांनी त्यांच्याविरुद्ध उठाव केला. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर कल्याण परत मिळालं, पण ठाणे आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

अशा परिस्थितीत नानांची अडचण काय असेल याची कल्पना करता येते. गादीवर लहान मूल. घरात फितुरी. दाराशी इंग्रज. पुण्यात कोण कुणाला भेटतं, कुणाच्या वाड्यात रात्री दिवा जळतो, कुठल्या सरदाराकडे कुणाचा निरोप आला, हे रोजच्या रोज कळणं नानांसाठी जगण्यामरण्याचा प्रश्न होता. नानांची हेरव्यवस्था हिंदुस्थानभर प्रसिद्ध होती. आणि राजधानीतल्या या नजरेचं एक मोठं ठाणं म्हणजे कोतवाली.

घाशीरामाची किंमत इथे होती. तो बाहेरचा होता. पुण्यातल्या कुठल्याही घराण्याशी, गटाशी त्याचं नातं नव्हतं. त्याचं सगळं अस्तित्व नानांवर अवलंबून होतं. अशा माणसाची निष्ठा पक्की असते, कारण त्याला दुसरा आधारच नसतो. पण याची दुसरी बाजूही आहे. असा माणूस फक्त एकालाच उत्तर देतो. बाकीच्या शहराला नाही.

१४ वर्षं कुणी काही बोललं का नाही?

घाशीरामाच्या कारभारात पुण्याचा बंदोबस्त कडक होता. चोराचिलटांना धाक होता. पण हाच धाक सामान्य माणसालाही होता. कोतवालीचे लोक पैसे उकळतात, खोटे आळ घेतात, धरून नेतात, अशी कुजबुज शहरात वाढत गेली. लोकांच्या मनात कोतवालाविषयी राग साठत होता.

मग तक्रार का झाली नाही? कारण तक्रार करायची कुणाकडे? कोतवालाविरुद्ध दाद मागायची तर नानांकडे जायचं. आणि कोतवाल तर नानांचाच माणूस. त्याच्याविषयी नानांना जी माहिती मिळायची त्यातली बरीचशी खुद्द त्याच्याच यंत्रणेतून यायची. ज्याच्यावर नजर ठेवायची तोच नजर ठेवणाऱ्याचे डोळे होता.

पुण्याला न्यायाची परंपरा नव्हती असं नाही. नारायणरावांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांना दोषी ठरवण्याची हिंमत दाखवणारे रामशास्त्री प्रभुणे याच शहराचे न्यायाधीश होते. पण न्यायाधीशापुढे प्रकरण यावं लागतं. कोतवालाच्या चावडीत जे रोज घडत होतं ते रामशास्त्रींसारख्या माणसाच्या समोर पोचावं अशी वाटच नव्हती. १७८९ मध्ये रामशास्त्री वारले. त्यानंतर दोनच वर्षांनी साठलेल्या रागाचा बांध फुटला.

श्रावण १७९१ : कोठडीत काय घडलं?

पेशवाईत दर श्रावणात पुण्यात दक्षिणा वाटली जायची. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता. तिथे देशभरातून हजारो ब्राह्मण दक्षिणेसाठी जमायचे. त्यात तेलंगणातूनही लोक यायचे. लांबचा प्रवास, परका मुलूख, वेगळी भाषा, हातात दक्षिणेचे चार रुपये.

१७९१ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस अशीच तेलंगी ब्राह्मणांची एक टोळी दक्षिणा घेऊन परतत होती. वाटेत घाशीरामाची बाग लागली. भुकेल्या लोकांनी बागेतली फळं तोडली. बागेच्या रखवालदारांशी बाचाबाची झाली. कोतवालाकडे खबर गेली ती चोर पकडल्याची.

मग सगळ्यांना धरून कोतवालाच्या आवारातल्या एका अंधाऱ्या, कोंदट कोठडीत डांबलं गेलं. तीसहून अधिक माणसं. वारा यायला पुरेशी जागा नाही. दार बंद. परक्या भाषेतला आरडाओरडा कुणी कानावर घेतला नाही.

दार उघडलं तेव्हा २१ माणसं मेलेली होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. या माणसांना ठार मारायचं असं कुणी ठरवलेलं नसावं. कुणीतरी त्यांना चोर म्हटलं, आणि चोर म्हटल्यावर पुढची विचारपूस करायची गरज कुणाला वाटली नाही. किती माणसं आहेत, कोठडी केवढी आहे, आत पाणी आहे का, खरंच चोर आहेत का, हे प्रश्न विचारणं कुणाचंच काम नव्हतं. कोठडीतले बहुतेक मृत्यू असेच होतात. क्रौर्य असतंच, पण त्याच्या जोडीला बेफिकिरी असते.

मग प्रकरण बाहेर आलं कसं?

घाशीरामावर नजर ठेवणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेने हे प्रकरण उघड केलं नाही. ते उघड झालं मानाजी फाकडे यांच्यामुळे. मानाजी हे शिंदे घराण्यातले नावाजलेले सरदार. कोठडीतल्या माणसांची हकीकत त्यांच्या कानावर गेली, त्यांनी कोठडी उघडवली आणि गोष्ट थेट पेशव्यांपर्यंत नेली.

म्हणजे कोतवालाला घाबरायचं कारण नसलेला एक बडा माणूस योगायोगाने मध्ये पडला. तो नसता तर २१ चोर मेले एवढीच नोंद कदाचित उरली असती.

नानांनी सुरुवातीला कोतवालाचं म्हणणं ग्राह्य धरलं. १४ वर्षांचा विश्वास होता. आपल्याच माणसाची बाजू आधी घ्यायची, ही वरिष्ठांची सवय तेव्हाही होती. पण तोवर बातमी पेठापेठांत पसरली होती. मेलेले लोक ब्राह्मण होते, दक्षिणेसाठी सरकारनेच बोलावलेले होते. शेकडोंचा जमाव नानांच्या दारात येऊन बसला. जमाव हटेना. न्यायाधीश अय्याशास्त्री यांनीही देहदंडाचा कौल दिला. सवाई माधवराव तेव्हा १७ वर्षांचे होते. त्यांच्यापर्यंतही प्रकरण गेलेलं होतं.

नानांनी हात काढून घेतला.

घाशीरामाला पकडून पुण्यातून धिंड काढण्यात आली. ज्या रस्त्यांवरून तो गस्त घालायचा त्याच रस्त्यांवरून त्याला फिरवलं. आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी त्याला मेलेल्या ब्राह्मणांच्या जातभाईंच्या हवाली करण्यात आलं. त्यांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. त्याची मालमत्ता जप्त झाली.

१४ वर्षांची कोतवाली अशी संपली.

हा न्याय होता का?

त्या दिवशी पुण्यातल्या बहुतेकांना तो न्यायच वाटला असणार. २१ निरपराध माणसं गेली होती. घाशीरामाला शिक्षा व्हायलाच हवी होती.

पण त्या दगडांनी काय काय गाडलं गेलं ते बघा.

घाशीरामासोबत आणखी कोण दोषी होतं? कोठडीला कडी कुणी लावली? पहाऱ्यावर कोण होतं? आधीच्या १४ वर्षांत अशा कोठड्यांत किती माणसं गेली? किती जणांवर खोटे आळ आले? लोकांकडून उकळलेला पैसा कुठे गेला, आणि त्यातला सरकारात किती जमा झाला? या माणसाला नेमलं कुणी, आणि त्याच्याविषयी कुजबुज सुरू असताना त्याला पाठीशी घातलं कुणी?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या पुण्याला माहीत होतं. पण ते विचारण्याआधीच कोतवाल मेला होता. मेलेला कोतवाल साक्ष देत नाही. ज्यांना या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली असती त्या सगळ्यांची घाशीरामाच्या मरणाने सुटका झाली. नाना पुढेही कारभारी राहिले आणि १८०० साली मरेपर्यंत मराठी राजकारणात त्यांचं वजन होतं. कोतवालीही पेशवाईच्या शेवटापर्यंत चालू राहिली.

शहराला सूड मिळाला. हिशेब मिळाला नाही.

नाटकातला घाशीराम आणि खरा घाशीराम

आज बहुतेकांना घाशीराम माहीत आहे तो विजय तेंडुलकरांच्या नाटकामुळे. त्याआधी १८६३ साली मोरोबा कान्होबा यांनी त्याच्यावर पुस्तक लिहिलं होतं. पण घाशीरामाला घराघरांत नेलं ते १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात पहिला प्रयोग झालेल्या नाटकाने. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, आणि नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे.

नाटकावर प्रचंड वाद झाला. नाना फडणवीसांची बदनामी केली, ब्राह्मणांची टिंगल केली, असे आक्षेप आले. ज्या संस्थेने नाटक केलं तिने मोजक्या प्रयोगांनंतर ते थांबवलं. मग कलाकारांनी थिएटर ॲकॅडमी ही वेगळी संस्था काढून प्रयोग पुन्हा सुरू केले. १९८० साली नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघालं तेव्हाही विरोध झाला.

या नाटकात घाशीराम आपली मुलगी नानांच्या हवाली करतो आणि त्या बदल्यात कोतवाली मिळवतो. हा भाग इतिहास नाही, नाटककाराची कल्पना आहे. सोशल मीडियावर मात्र तोच भाग खरा म्हणून फिरतो. तेंडुलकरांना घाशीरामाचं चरित्र सांगायचं नव्हतंच. सत्ता स्वतःच्या सोयीसाठी घाशीराम कसे तयार करते आणि काम झालं की त्यांना जमावापुढे कसं टाकते, हे त्यांना दाखवायचं होतं. तपशील कल्पनेतला असला तरी हा मुद्दा १७९१ च्या घटनेला लागू पडतो.

तेव्हा नव्हतं, आज आहे ते काय?

घाशीरामाच्या पुण्यात ज्या गोष्टी नव्हत्या त्यातल्या बऱ्याच आज कायद्यात आहेत.

अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. हे संविधानाच्या कलम २२ मध्येच आहे. अटक करताना काय करायचं, नातेवाइकांना कसं कळवायचं, याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात घालून दिले. कोठडीत मृत्यू झाला तर २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावं लागतं. अशा मृत्यूची मॅजिस्ट्रेटकडून चौकशी होते. २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितलं, आणि महाराष्ट्रात २०१४ मध्ये कायदा बदलून त्याची तरतूद झाली. २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आदेश आला.

बदलापूर प्रकरणातही हे दिसलं. लोक पेढे वाटत असताना कायद्याप्रमाणे मॅजिस्ट्रेटची चौकशी सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये तिचा अहवाल मुंबई उच्च न्यायालयासमोर आला, आणि त्यात गाडीतल्या पाच पोलिसांवर ठपका ठेवलेला होता. आरोपी कितीही भयंकर गुन्ह्यातला असो, तो पोलिसांच्या ताब्यात असताना कसा मेला हा प्रश्न विचारायची सोय आज आहे. १७९१ मध्ये त्यासाठी एखादा मानाजी फाकडे लागत होता.

अर्थात कायदा कागदावर असणं आणि चौकीपर्यंत पोचणं यात अंतर असतं. सीसीटीव्ही लागलेला असतो आणि नेमका त्या दिवशी बंद असतो. तक्रारीची सोय असते, पण ती कुठे करायची हे लोकांना माहीत नसतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर एवढा पसारा येतो. एकच हवालदार दहीहंडीच्या बंदोबस्तात उभा असतो, नेत्याच्या दौऱ्यात उभा असतो, कोर्टात आरोपी नेतो, रात्रपाळी करतो आणि सकाळी तपासाची कागदपत्रं लिहितो. वरून फोन येतो की अमक्याला सोडा, तमक्याला उचला. लोकांना निकाल आजच्या आज हवा असतो. घाशीरामाच्या कोतवालीवर जसा दहा कामांचा आणि एका मालकाचा दाब होता, त्याची ही आजची आवृत्ती आहे.

म्हणूनच नियम आणि चौकशी हे पोलिसांच्या विरोधात आहेत असं समजणं चूक आहे. लेखी आदेश मागता येणं, चालू असलेला कॅमेरा, स्वतंत्र चौकशी या गोष्टी प्रामाणिक पोलिसाचीही ढाल असतात. वरून बेकायदा हुकूम आला तर नाही म्हणायला त्याला आधार मिळतो. आणि प्रकरण अंगाशी आलं तर हुकूम देणाऱ्याचं नावही कागदावर येतं.

घाशीरामाकडे हा आधार नव्हता, आणि जोवर सगळं सुरळीत होतं तोवर त्याला तो नकोही होता. १४ वर्षं त्याला कुणी प्रश्न विचारले नाहीत. ज्या दिवशी विचारले त्या दिवशी उत्तर द्यायलाही वेळ दिला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पोलिसांवरून वाद पेटला आणि कुणी कमेंटमध्ये घाशीरामाचं नाव टाकलं, तर त्याला दोन प्रश्न विचारता येतील. या घाशीरामाचा नाना कोण? आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत थांबायची आपली तयारी आहे, की आपल्यालाही नुसता हातात दगड हवाय?